डाव्या बटणाची पाचर

भीमराज भिंगारदिवेच्या वर्गात कोणी झोपत नसे. माझ्या वर्गात सगळे झोपत.

हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

वर्ग म्हणजे कॅन्टीनच्या वरची खोली. नगरच्या एमआयडीसीतली आमची कंपनी स्कूटरचे पत्र्याचे भाग बनवायची. दर शनिवारी जेवणानंतर एक तास प्रशिक्षण असायचं. प्रेस शॉपचे पंचवीस-तीस कामगार वर यायचे. मी प्रोजेक्टरच्या काचेवर पारदर्शक कागद ठेवायचो आणि भिंतीवर उमटलेली अक्षरं वाचून दाखवायचो. अक्षर माझं होतं. वाक्यंही माझीच होती. मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो. ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता’ हे मी तीन वेळा सुधारून लिहिलं होतं. पहिल्या रांगेत पुंजाराम घोरायचा. पुंजाराम प्रेसवरचा सगळ्यात जुना माणूस. तो घोरायला लागला की मागचे निर्धास्त व्हायचे.

एकदा मी त्याला हलवून उठवलं.

“वाचा की साहेब,” तो डोळे चोळत म्हणाला, “चांगलं चाल्लंय. तुमचा आवाज लई गार हाय. दुपारच्याला रेडिओ लागल्यावानी.”

सगळे हसले. मीही हसलो. मला ते आवडलं नव्हतं.

भीमराज आणि मी अकरावी-बारावीला एका बाकावर होतो. मी पुणतांब्याहून शिकायला नगरला आलेलो. तो नगरचाच, नागापूरच्या अलीकडच्या वस्तीतला. वडील गवंडी होते. बारावीला त्याचे मार्क माझ्यापेक्षा अकराने जास्त आले. तो आकडा मला अजून पाठ आहे. त्याच उन्हाळ्यात वडील परांचीवरून पडले आणि कमरेतून गेले. भीमराज आयटीआयला गेला, फिटर झाला, प्रेसवर लागला. मी बी.ए.ला गेलो.

रविवारी तो माझ्या खोलीवर यायचा. “या आठवड्यात काय शिकवलं रे?” म्हणून विचारायचा. मी सांगायचो. एखादी कथा, एखाद्या कवितेचा अर्थ. तो ऐकताना हाताने काहीतरी करत असायचा. खिशात चाकू आणि बाभळीचा तुकडा कायम. भोवरे, पळीच्या दांड्या, खुंट्या. लाकडाच्या कपच्या माझ्या सतरंजीवर पडायच्या. पुढच्या वेळी त्याच्या घरी गेलो की कळायचं, मी सांगितलेली कथा त्याने आईला सांगितलीय. भागिरथीमावशी ती कथा मलाच परत सांगायच्या, हसत, डोळ्याला पदर लावत. माझ्यापेक्षा ती त्यांच्या तोंडून चांगली वाटायची. म्हणजे त्याने त्यांना चांगली सांगितली होती.

नोकरीही त्यानेच आणली. एम.ए. होऊन दोन वर्षं मी पुणतांब्यात घरी बसलो होतो. शहाण्णव सालच्या डिसेंबरात त्याचं पत्र आलं. ‘कंपनीला आयएसओ घ्यायचंय. ट्रेनिंगचे कागद लिहायला माणूस पाहिजे. तू लिहितोस. ये.’

मी गेलो. पर्सोनेल मॅनेजर रंगनाथ बोरुडे साहेबांनी पाच मिनिटांत ठरवलं.

“सहा महिने बघू,” ते म्हणाले. “जूनअखेरपर्यंत. प्रशिक्षण पर्यवेक्षकाची एकच जागा मंजूर आहे. जमलं तर तुम्ही पक्के. नाही जमलं तर हात जोडू.”

वडिलांनी गावात सांगून टाकलं, पोरगा नगरला साहेब झाला. मला त्या जागेवर पक्कं व्हायचं होतं. नाही झालो तर पुन्हा तोच ओटा, तेच लोक, आणि “काय मग, आले का परत?” हा प्रश्न. मला बाकी काही नको होतं.

फेब्रुवारीत मला ताप आला. एका शनिवारचा तास बोरुडे साहेबांनी भीमराजला सांभाळायला सांगितला.

सोमवारी मी कामावर आलो तर गेटपाशीच पुंजारामनं अडवलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटवल्यासारखी वाकडी दिसत होती. तो ती उलगडून दाखवत होता.

“साहेब, काय सांगू! जर्सीनं लाथ घातली ना!”

“कुणी?”

“गाईनं वो. भीमराजनं बोटं बांधली आमची. म्हनला, उद्या सकाळपत्तूर सोडायची न्हाईत. धार काढा आन् येऊन सांगा.”

मला काही कळलं नाही. पण त्या दिवशी ज्याला त्याला तेच बोलायचं होतं.

इथे प्रेसबद्दल थोडं सांगायला हवं. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणावर असले की हात ठोकळ्याखाली जाऊच शकत नाही. साधी सोय आहे. पण आमच्या कामगारांचं घड्याळ वेगळं होतं. सगळे आसपासच्या गावांतले. पहाटे धार काढून पहिल्या पाळीला यायचे. संध्याकाळी सहाला गावातली डेअरी बंद व्हायची. टार्गेट लवकर पुरं झालं तर फोरमन लवकर सोडायचा आणि पावणेचारची एसटी मिळायची. ती चुकली तर पुढची साडेपाचला. मग धार कधी काढायची आणि डेअरीत दूध कधी घालायचं? म्हणून डावं बटण दाबून त्याच्या कड्यात लाकडाची पाचर अडकवायचे. बटण दाबलेलंच राहायचं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पत्रा आत सरकवायचा. काम दुप्पट वेगाने.

चौऱ्याण्णव साली गोरक्षनाथ नावाच्या कामगाराची डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. चौकशी झाली. पाचर कुणी केली, कुणी बसवली, कुणी काही बोललं नाही. गोरक्षनाथला टूल स्टोअरमध्ये बसवलं. तो खिडकीतून पाने आणि ड्रिल द्यायचा.

मी हे सगळं लिहिलं होतं. ‘सुरक्षा साधनांशी छेडछाड करू नये.’ क्रमांक सात.

भीमराजनं काही लिहिलं नव्हतं. त्या शनिवारी त्याने कुठूनतरी चिकटपट्टीची दोन रिळं आणली आणि सगळ्यांची डाव्या हाताची तीच दोन बोटं तळव्याशी बांधली. “जा घरी,” म्हणाला.

पुढच्या शनिवारी मी मागे बसून पाहिलं. बोरुडे साहेबांनीच सांगितलं होतं, बघा एकदा.

खोली भरलेली. पंखा नेहमीसारखा खडखडत होता. भीमराज समोर उभा राहिला नाही. तो टेबलावर बसला, पाय हलवत.

“हां, कोण सांगतं आधी?”

“मी सांगतो,” पुंजाराम. “धारंला बसलो. गाय वळून बघाया लागली. तिला म्हनलं, बाई, मीच हाय. पर हात वळखीचा न्हाई ना. तिनं पान्हाच चोरला. कारभारीन म्हनली, उठा तिथनं, मी काढते. चाळीस वर्सांत पयल्यांदा मला धारंवरनं उठवलं.”

“मग?”

“मग काय. बसलो तंबाखू मळीत. तीबी मळंना.”

सगळे हसले. मागून एक जण म्हणाला, “मी पोरीची वेणी घालतो रोज. ती म्हनली, पप्पा, तुमाला येत न्हाई आता.” यावर हसू कमी झालं.

सहादू नावाचा नवा पोरगेला कामगार होता. तो मान खाली घालून म्हणाला, “मी सोडली पट्टी. बसस्टँडवरच.”

मला वाटलं, आता भीमराज रागावेल. मी रागावलो असतो.

“बरं केलंस,” भीमराज म्हणाला. “कशी सोडलीस?”

“दातानं.”

“दुसऱ्या हातानं का नाही?”

“त्यात डबा हुता ना.”

“मग? गोरक्षनाथभाऊंना विचार बरं एकदा, त्यांची पट्टी कुठल्या दाताने सुटती.”

कोणी हसलं नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. सहादूनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मी पाहिलं की सगळेच आपापल्या बोटांकडे पाहत होते. मग माझ्या लक्षात आलं, मीही पाहतोय.

मी साहित्य शिकलो होतो. श्रोता, संवाद, परिणाम यांवर परीक्षेत पानं भरून लिहिलं होतं. आणि हा माणूस दोन रुपयांची पट्टी घेऊन टेबलावर पाय हलवत बसला होता.

त्यानंतर तास अर्धा माझा, अर्धा त्याचा झाला. मार्चअखेर सगळा त्याचा झाला. माझ्याकडे हजेरीच्या तक्त्यावर सह्या घेणं राहिलं. आयएसओला सह्या लागतात. मी दाराशी पेन घेऊन उभा राहायचो. आत कधी टाळ्या, कधी शांतता. एकदा त्याने सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि नुसता आवाज ऐकून कुठली प्रेस बिघडलीय ते ओळखायला सांगितलं. एकदा फोरमनला कामगार केलं आणि पुंजारामला फोरमन. पुंजारामनं फोरमनला इतकं झापलं की फोरमन पुढचे चार दिवस नीट बोलत होता. पावणेचारच्या गाडीचंही तिथेच ठरलं. फोरमननं सगळ्यांसमोर कबूल केलं, टार्गेट होवो न होवो, गाववाल्यांना साडेतीनला सोडीन. भीमराजनं तेही प्रशिक्षणातच घेतलं. माझ्या एकवीस मुद्द्यांमध्ये एसटी कुठेच नव्हती.

एप्रिलमध्ये मी त्याला विचारलं. कंपनीच्या गेटबाहेर चहा पीत होतो.

“तुझ्या तासाला झोपत का नाहीत रे?”

तो हसला. चाकूनं काहीतरी तासत होता. “तुझ्या मुद्द्यात तू कुठं आहेस?”

“म्हणजे?”

“घ्यावयाची दक्षता. कुणी घ्यायची? तू तुझी एखादी चूक सांग त्यांना. आधी आपली सांगायची. मग समोरचा जागा राहतो. मी पहिल्या दिवशी डाय, पत्र्याचा साचा रे, उलटी बसवली होती, ते सांगतो. बाही अडकून शर्ट फाटला होता, ते सांगतो.”

“मी प्रेस चालवत नाही. माझी कुठली चूक?”

“मग अवघड आहे,” तो म्हणाला आणि खरंच विचारात पडला. माझ्यासाठी. तेही मला सहन झालं नाही.

मे महिन्यात बोरुडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते चांगले होते. लपवून बोलायचे नाहीत.

“तुमचे कागद उत्तम आहेत,” ते म्हणाले. “पण त्या जागेसाठी आयटीआय चालेल का, असं मी पुण्याच्या हेड ऑफिसला विचारलंय. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.”

मी “हो साहेब” म्हणालो. पाणी प्यायलो. बाहेर येऊन जिन्यात बसलो.

त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती. दरवर्षी मी भीमराजकडे खिरीला जायचो. त्या वर्षी जावंसं वाटत नव्हतं. न गेलो तर का गेलो नाही हे सांगावं लागलं असतं, म्हणून गेलो. भीमराज विहारात होता. भागिरथीमावशींनी वाटी भरून खीर दिली.

“खा रे बाळा. वाळलास किती. कंपनीत जास्त काम पडतं का?”

“नाही मावशी.”

“भीमा सांगतो, तुझं अक्षर लई सुरेख. सायबसुदिक तुलाच लिहायला लावत्यात.”

मी वाटी हातात धरून बसलो. मावशींना चमच्यासाठी फडताळातला पत्र्याचा डबा काढावा लागला. डब्यात चाकू, कात्री, चिकटपट्टीची रिळं आणि चमचे एकत्रच. त्यात एक पाचर होती. बाभळीची. बोटाएवढी, एका बाजूला गोलाई दिलेली, हात फिरवावा इतकी गुळगुळीत. बटणाच्या कड्यात तंतोतंत बसेल अशी.

“ही कशाची?” मी विचारलं.

“त्याच्याच हातची. आधी करायचा अशा. कंपनीतली पोरं मागायची. दहा-बारा केल्या असतील.” त्यांनी चमचा पुसून माझ्या वाटीत ठेवला. “मंग त्या गोरक्षनाथचं बोटांचं झालं. त्या रोजपासनं एकबी केली न्हाई. बाकीच्या चुलीत घातल्या. ही एक ठिवली. का ठिवली, इचारलं तर बोलत न्हाई.”

त्या सहज बोलल्या. मी त्यांच्या घरचाच होतो.

मी ती पाचर परत डब्यात ठेवली. खीर संपवली. दुसरी वाटीही घेतली.

घरी जाताना एकच विचार डोक्यात होता. छोट्या चुका सांगतो. मोठी लपवतो. डाय उलटी बसवली म्हणून सांगतो आणि पाचर कुणी केली ते सांगत नाही. मला बरं वाटलं. महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे लिहिताना अजून लाज वाटते.

टाइम ऑफिसशेजारी सूचना पेटी होती. लाल, पत्र्याची. तिला दोन कुलपं. एकाची किल्ली माझ्याकडे असायची, दुसऱ्याची त्या महिन्यात सोडतीत ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्या कामगाराकडे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघांनी मिळून पेटी उघडायची, सूचना वहीत लिहायच्या, खाली दोघांच्या सह्या. ऑफिसनं एकट्यानं काही दाबू नये म्हणून ही पद्धत.

तीस मेला, शुक्रवारी, मी चिठ्ठी टाकली. डाव्या हातानं लिहिली. ‘चौऱ्याण्णव सालच्या अपघातातली पाचर ज्यानं बनवली तोच आज सुरक्षेचे धडे देतो. तशीच एक पाचर अजून त्याच्या घरी पत्र्याच्या डब्यात आहे. चौकशी व्हावी.’ टाकली आणि लगेच परत काढावीशी वाटली. पण माझ्याकडे एकच किल्ली होती.

शनिवारी आयएसओचे ऑडिटर आले. मुंबईचे, वयस्कर, मराठी बोलणारे. त्यांनी माझे कागद चाळले, मान डोलावली. मग म्हणाले, “आता एक तास प्रत्यक्ष बघू. सगळ्या खात्यांतले लोक बोलवा.”

म्हणून त्या दिवशी टूल स्टोअरमधून गोरक्षनाथही आला. तो पहिल्यांदाच वर आला होता. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसला. डावा हात खिशात.

भीमराजचा तास नेहमीसारखाच झाला. बोरुडे साहेब खूश होते. मी दाराशी सह्यांचा तक्ता धरून उभा होतो. शेवटी ऑडिटर उठले आणि रांगांमधून फिरत दोघा-तिघांना प्रश्न विचारले. गोरक्षनाथपाशी थांबले.

“तुमच्या हाताला काय झालं?”

गोरक्षनाथ उभा राहिला. हात खिशातून काढला. “प्रेसमधी गेली साहेब. बोटं.”

“कशी?”

“माजीच चूक, साहेब. पाचर लावली हुती.”

त्याने हे इतकं सवयीनं म्हटलं, की तीन वर्षांत किती जणांना सांगितलं असेल ते कळलं. ऑडिटरनी मान हलवली. पुढे सरकणार होते.

“त्याची नाही,” भीमराज म्हणाला.

तो टेबलावरून उतरला. खिशात हात घातला. मला आधी वाटलं, चाकू आहे. त्याने ती पाचर काढून टेबलावर ठेवली. लाकडाचा लहानसा आवाज झाला.

“ही मी केलेली. सांगायचं म्हणून काही दिवस खिशात घेऊन येतोय. ह्या शॉपमधल्या सगळ्या मीच केल्या होत्या. चांगल्या बसायच्या म्हणून मलाच मागायचे. मला बरं वाटायचं, सगळे मागतात म्हणून. त्या दिवशीची सकाळी मीच दिली होती. नवीन होती. घट्ट बसली.” त्याने गोरक्षनाथकडे पाहिलं. “चौकशीत विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. रोज इथं येऊन ह्यांना चुका सांगतो, ही सांगितली नव्हती.”

बोरुडे साहेबांचा चेहरा उतरला.

“गप की भीमराज,” गोरक्षनाथ मागून म्हणाला. “मीच मागितली हुती ना तुला.”

“मागितली होती. मी नाही म्हणायला पाहिजे होतं.”

“गाडी चुकत हुती माजी.”

“माहीत आहे भाऊ.”

दोघं तीस माणसांच्या डोक्यांवरून बोलत होते. खोलीत दुसरं कोणी नसल्यासारखे. पुंजारामनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. माझ्या हातातला तक्ता वाकला होता. पेटीतली माझी चिठ्ठी आठवली. तीत जे लिहिलं होतं ते सगळं त्याने सांगून टाकलं होतं, आणि त्याच्या तोंडून ते आरोपासारखं वाटत नव्हतं.

ऑडिटरनी पाचर हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

“अशा आता वापरात आहेत?”

“नाही साहेब. एवढीच राहिलीय.”

त्यांनी ती परत टेबलावर ठेवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. कंपनीला पुढे सर्टिफिकेट मिळालं. पण बाहेरच्या माणसासमोर कबुली झाली होती. बोरुडे साहेबांना काहीतरी करणं भाग होतं. चौकशीत माहिती दडवल्याबद्दल मेमो. चार दिवस सस्पेन्शन. प्रशिक्षणाचं काम बंद, परत प्रेसवर.

जागा माझी झाली. कुणी तसं म्हणालं नाही, पण झाली.

सोमवारी सकाळी मी पेटीपाशी गेलो. वाटलं होतं, जूनची किल्ली पुंजारामकडे किंवा आणखी कुणाकडे असेल, आणि मी ती चिठ्ठी पहिल्यांदा उचलेन. बदामाच्या झाडाखाली भीमराज उभा होता. सस्पेन्शन मंगळवारपासून होतं.

“जूनची चिठ्ठी माझी निघाली,” तो म्हणाला. “चल, उरकू.”

त्याने त्याचं कुलूप काढलं. मी माझं. माझी किल्ली दोनदा चुकली.

आत दोन कागद होते आणि तंबाखूची रिकामी पुडी. त्याने वरचा कागद उचलला. “डाळ पातळ आहे. लिही.” मी वहीत लिहिलं. क्रमांक एक. मग त्याने दुसरा उलगडला. निळ्या रेघांचा.

त्याने वाचला. परत वाचला. मी वहीकडे पाहत होतो. वहीत डाळीपलीकडे काही नव्हतं.

“पत्र्याच्या डब्यात,” तो म्हणाला.

एवढंच. तो डबा फडताळात असतो. तो कोणी कोणी पाहिलाय, हे त्याला मोजायची गरज नव्हती. मी मान वर केली. तो माझ्याकडे रागानं पाहत असता तर बरं झालं असतं. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी त्याने माझ्याकडे असंच पाहिलं होतं. माझे मार्क त्याच्यापेक्षा कमी आले म्हणून त्यालाच वाईट वाटल्यासारखं.

“पंख्याचं आहे,” तो म्हणाला. “वरच्या खोलीतला पंखा आवाज करतो. लिही.”

“भीम—”

“लिही ना. मला सही करायचीय. पाळीला उशीर होतोय.”

मी लिहिलं. क्रमांक दोन. पंखा. त्याने सही केली. कागदाची घडी घालून मेमो होता त्याच खिशात ठेवली आणि प्रेस शॉपकडे गेला.

त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी हेवाच वाटला. इतकं साधं खोटं त्याला इतक्या पटकन कसं सुचलं, याचा हेवा.

आठ दिवसांत पंखा दुरुस्त झाला. सूचना वहीत आली की कारवाई व्हायची. एक जुलैला मला पत्र मिळालं. मी पक्का झालो. वडिलांनी पुणतांब्यात पेढे वाटले. भीमराजला सांगायला गेलो तर त्याने मशीनवरून मान वर न करता “चांगलं झालं” म्हटलं. तो खरं बोलत होता. दोन्ही हात दोन बटणांवर होते.

पाच जुलैच्या शनिवारी माझा पहिला तास. मी पारदर्शक कागद लावून ठेवले होते. पंखा आता अजिबात वाजत नव्हता. माणसं आली, बसली. भीमराजही आला. त्याला यावंच लागे, तोही प्रेस शॉपचा कामगार होता. तो गोरक्षनाथशेजारी शेवटच्या रांगेत बसला.

“साहेब, पट्टी न्हाई आनली व्हय?” पुंजारामनं विचारलं.

“नाही.”

“मंग वाचा,” तो म्हणाला आणि पाय लांब केले.

मी दिवा लावला. भिंतीवर माझं सुरेख अक्षर उमटलं. घ्यावयाची दक्षता. क्रमांक एक वाचला. क्रमांक दोन वाचला. पंखा बंद नव्हता, पण आवाज नसल्यामुळे घोरणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. क्रमांक तीनला दुसरं घोरणं सुरू झालं. मी मागे पाहिलं. भीमराज जागा होता. तो एकटाच नीट ऐकत होता. एम.ए.च्या काळात रविवारी ऐकायचा तसा. हात रिकामे होते, चाकू नव्हता.

मी प्रोजेक्टरचा दिवा बंद केला.

“तीस मेला,” मी म्हणालो, “मी सूचना पेटीत एक चिठ्ठी टाकली होती.”

माझा आवाज वेगळा आला असावा. पुंजारामचं घोरणं थांबलं. त्याने एक डोळा उघडला.

“कशाची?”

“पंख्याची नव्हती,” मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. जर्सीपासून, खिरीच्या दुसऱ्या वाटीपर्यंत. डाव्या हातानं कसं लिहिलं तेही. सहादू तोंड उघडं टाकून ऐकत होता. बोरुडे साहेब केव्हातरी दारात येऊन उभे राहिले होते, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेवटी पुंजाराम सरळ बसला आणि म्हणाला, “आयला साहेब.” शिवी होती की काय, मला कळलं नाही.

भीमराज उठून पुढे आला. टेबलावरचा हजेरीचा तक्ता घेतला, सही केली आणि पेन पुढच्या माणसाला दिलं.

त्या तासाला कोणी झोपलं नाही. पण ती युक्तीही त्याचीच होती.